छातीतल्या प्रोग्रॅमची सिद्धता



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनी आयुष्यभर भूमिती शिकवली. भूमितीत नुसतं उत्तर बरोबर येऊन भागत नाही. ते बरोबर का, हे एकेक पायरी मांडून दाखवावं लागतं, आणि एक पायरी जरी गाळली तरी गुण जातात. हाच आग्रह आज मला माणसाच्या शरीरात बसवलेल्या यंत्राबाबत धरायचा आहे. त्या यंत्रात एक प्रोग्रॅम चालतो. तो बरोबर आहे हे आपण कशावरून म्हणतो?

इथे बसलेल्यांत काही जणांना पेसमेकर असेल, काहींच्या आईवडिलांना असेल. त्यांना सुरुवातीलाच सांगतो, पेसमेकर हे अत्यंत भरवशाचं यंत्र आहे. त्यानं जगभर असंख्य माणसं जगवली आहेत. माझ्या बोलण्यानं कुणी घाबरू नये आणि डॉक्टरांनी दिलेली तपासणीची तारीख चुकवू नये. मी बोलणार आहे ते यंत्र बनवणाऱ्यांबद्दल, विकत घेणाऱ्यांबद्दल आणि त्याला परवानगी देणाऱ्यांबद्दल.

माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का रुग्णालयात. शल्यचिकित्सक ऑके सेनिंग, अभियंता रूने एल्मक्विस्ट आणि रुग्ण आर्ने लार्सन. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. लार्सन मात्र पुढे एकामागून एक यंत्रं बदलत २००१ पर्यंत जगले. त्या पहिल्या यंत्रात प्रोग्रॅम नव्हता. ठरावीक वेळानं विजेचा हलका झटका देणारं साधं सर्किट होतं ते. आजच्या यंत्राचं वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम, पण हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यातले संकेत ते सतत ऐकत असतं आणि झटका द्यायचा की थांबायचं हे प्रत्येक ठोक्याला नव्यानं ठरवतं. हे ठरवण्याचं काम प्रोग्रॅमच्या नियमांनुसार चालतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर आणि दहा वर्षांत सुमारे ३८ कोटी वेळा हा निर्णय घेतला जातो. मधे कुणी अभियंता उभा नसतो. अडकलं तर बंद करून पुन्हा चालू करू, ही सोयही नसते.

असा प्रोग्रॅम तपासायचा कसा? सगळीकडे रूढ असलेली पद्धत म्हणजे टेस्टिंग. काही प्रसंग निवडायचे, यंत्राला द्यायचे, अपेक्षित उत्तर येतं का पाहायचं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. भाताच्या बाबतीत ती चालते, कारण एका पातेल्यातली सगळी शितं एकाच आचेवर शिजलेली असतात. प्रोग्रॅमचं तसं नाही. त्यातलं प्रत्येक शीत वेगळं शिजतं. नऊशे नव्व्याण्णव प्रसंगांत बरोबर वागलेला प्रोग्रॅम हजाराव्या प्रसंगात कसा वागेल, याबद्दल आधीचे प्रसंग काहीच हमी देत नाहीत.

मग सगळेच प्रसंग तपासू, असं कुणी म्हणेल. हिशेब करून पाहू. एका ठोक्याचा अवधी एक सेकंद, म्हणजे १००० मिलिसेकंद धरा. वरच्या कप्प्यातला संकेत यातल्या कुठल्याही मिलिसेकंदाला येऊ शकतो, खालच्या कप्प्यातलाही. म्हणजे एका ठोक्यात १० लाख शक्यता. सलग तीन ठोक्यांत एकावर अठरा शून्यं. सेकंदाला १० लाख प्रसंग तपासणारं यंत्र आणलं तरी हे काम संपायला तीस हजारांहून जास्त वर्षं लागतील. आणि हे फक्त तीन ठोक्यांचं झालं.

टेस्टिंगमधून चूक कशी निसटते याचं एक उदाहरण तपशिलात सांगतो. त्यातलं यंत्र शरीरात बसवायचं नव्हतं, किरणोपचाराचं होतं. पण वैद्यकीय सॉफ्टवेअर शिकणाऱ्या प्रत्येकानं ते मुळातून वाचायला हवं. कॅनडाच्या सरकारी कंपनीनं बनवलेलं थेरॅक-२५. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्यानं सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. त्यातले किमान तीन जण त्यामुळे दगावले. आधीच्या मॉडेलमध्ये धोका रोखणारे यांत्रिक अडसर होते. या मॉडेलमध्ये ते काढून त्यांचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं होतं. या अपघातांचा सविस्तर शोध नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केला.

शेवटचा अपघात अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी झाला. प्रोग्रॅममध्ये एक लहानसं चल होतं, एका बाइटचं. त्यात शून्य असेल तर सगळं जागच्या जागी आहे असं प्रोग्रॅम समजे. शून्य नसेल तर किरणांच्या वाटेतले भाग योग्य जागी आहेत का, हे तपासे. तयारी चालू असताना हा भाग पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा चाले आणि दर वेळी त्या चलात एक मिळवला जाई. 'शून्य नाही' एवढंच दाखवायचं होतं. त्यासाठी तिथे एक हा स्थिर आकडा ठेवला असता तरी पुरलं असतं. पण एक मिळवत गेले. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. त्यामुळे दर २५६ व्या फेरीला त्या चलात पुन्हा शून्य येई आणि त्या एका फेरीपुरती तपासणी गळून पडे. नेमक्या त्या क्षणी ऑपरेटरनं बटण दाबलं, तर किरणांच्या वाटेत जे असायला हवं ते नसतानाही झोत सुटे. याकिमात तसंच झालं. दुरुस्ती एका ओळीची होती.

ही चूक टेस्टिंगमध्ये सापडायची तर परीक्षकाचं बोट २५६ पैकी त्याच फेरीला बटणावर पडायला हवं, आणि त्याच वेळी किरणांच्या वाटेतला भागही चुकीच्या जागी असायला हवा. गणितानं तपासणाऱ्याला मात्र एकच विधान मांडायचं होतं: वाटेतले भाग जागेवर नसतील तर झोत कधीही सुटणार नाही. हे विधान सिद्ध करायला बसलं की त्या चलापाशी अडकायला होतंच. चलात कोणकोणते आकडे येऊ शकतात, असा प्रश्न सिद्धतेच्या पहिल्या काही पायऱ्यांतच येतो आणि उत्तरात शून्य दिसतं. योगायोगाची वाट पाहावी लागत नाही.

फॉर्मल मेथड्स म्हणतात त्या याच. प्रोग्रॅम म्हणजे एक गणिती वस्तू आहे असं मानायचं, त्यानं काय करावं आणि काय कधीच करू नये हे तर्काच्या काटेकोर भाषेत लिहायचं, आणि दुसरं पहिल्यातून निघतं हे सिद्ध करायचं. टोनी होर यांनी १९६९ मध्ये याची सूत्रं मांडली. पुढे १९८० च्या दशकात मॉडेल चेकिंग आलं. यात सिद्धता माणूस लिहीत नाही. संगणक प्रोग्रॅमच्या सगळ्या अवस्था पद्धतशीर धुंडाळतो आणि विधान कुठे मोडत असेल तर तिथवरची वाट एकेका पायरीनं काढून देतो. क्लार्क, एमर्सन आणि सिफाकिस यांना २००७ चा ट्यूरिंग पुरस्कार यासाठी मिळाला. पेसमेकरच्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाचं काम राजीव अलूर आणि डेव्हिड डिल यांचं आहे, १९९० च्या सुमाराचं. वेळेच्या अनंत शक्यता असल्या तरी, कोणतं घड्याळ कोणत्या मर्यादेच्या अलीकडे आणि कोणतं पलीकडे, असे मोजकेच गट पडतात हे त्यांनी दाखवलं. मघाशी आपण तीस हजार वर्षांचा हिशेब केला. तो या एका युक्तीनं आवाक्यात येतो. मला विचाराल तर संगणकशास्त्रातल्या सुंदर कल्पनांपैकी ही एक.

पेसमेकरच्या बाबतीत हे कागदावरच राहिलं नाही. २००७ मध्ये बोस्टन सायंटिफिक या कंपनीनं आपल्या एका जुन्या पिढीच्या पेसमेकरचं संपूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे यंत्रानं काय करावं याचा तपशील, जगाला खुलं केलं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं ते हाती घेऊन संशोधकांना आवाहन केलं: यावरून यंत्र बनवा आणि ते बरोबर आहे हे सिद्ध करून दाखवा. फ्रान्समध्ये नान्सीला डॉमिनिक मेरी आणि नीरजकुमार सिंह यांनी इव्हेंट-बी पद्धतीनं ते केलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात राहुल मंघाराम, अलूर आणि त्यांचे सहकारी वेगळ्या वाटेनं गेले. त्यांनी पेसमेकरच्या जोडीला हृदयाचंही मॉडेल लिहिलं आणि दोन्ही मिळून तपासलं. ते का आवश्यक होतं, हे आता नीट पाहू. आजच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे.

दोन कप्प्यांचा पेसमेकर घ्या. आकडे त्या खुल्या स्पेसिफिकेशनमध्ये दिलेले नेहमीचे आहेत. ठोके मिनिटाला ६० च्या खाली जाऊ द्यायचे नाहीत, म्हणजे दोन ठोक्यांत जास्तीत जास्त १००० मिलिसेकंद. यंत्रानं १२० च्या वर न्यायचे नाहीत, म्हणजे दोन ठोक्यांत किमान ५००. वरचा कप्पा आकुंचन पावला की किमान १५० मिलिसेकंद थांबून खालच्याला झटका द्यायचा. आणि खालचा ठोका पडल्यावर २५० मिलिसेकंद वरच्या कप्प्यातल्या संकेताकडे लक्ष द्यायचं नाही, कारण त्या काळातला संकेत बहुधा खालच्या ठोक्याचाच पडसाद असतो. चारही नियम शहाणपणाचे आहेत.

आता समजा खालच्या कप्प्यात एक ठोका अवेळी, आपसूक पडला. निरोगी माणसांनाही असे ठोके पडतात. काही रुग्णांत वरून खाली येणारी वाट बंद असते, पण खालून वर जाणारी उघडी राहिलेली असते. त्या वाटेनं लहर वर चढते आणि समजा तिला ३०० मिलिसेकंद लागतात. २५० ची मुदत संपलेली असते. यंत्राला वाटतं, वरचा कप्पा आपणहून आकुंचन पावला. ते १५० मिलिसेकंद मोजतं, ४५० होतात. पण ५०० च्या आत झटका द्यायचा नाही, म्हणून ते आणखी ५० थांबतं आणि झटका देतं. तो झटका पुन्हा वर चढतो, ३०० मिलिसेकंदांनी पोहोचतो, आणि यंत्र पुन्हा फसतं. आता दर ५०० मिलिसेकंदांनी एक ठोका, मिनिटाला १२०, माणूस खुर्चीत स्वस्थ बसलेला असताना. हे आपोआप थांबत नाही. डॉक्टर छातीवर लोहचुंबक धरतात, त्यानं यंत्राचं ऐकणं तात्पुरतं बंद होतं आणि चक्र तुटतं.

यात यंत्रानं कुठला नियम मोडला? एकही नाही. १००० च्या वर अंतर गेलं नाही, ५०० च्या खाली आलं नाही, १५० पाळले, २५० पाळले. नुसत्या प्रोग्रॅमची सिद्धता मागितली असती तर ती निर्दोष मिळाली असती. दोष यंत्र आणि हृदय यांच्या मधल्या चक्रात आहे. म्हणून हृदयाचं मॉडेल सोबत हवं. आणि आणखी एक विधान हवं: आपल्याच झटक्याच्या पडसादाला यंत्र उत्तर देत राहणार नाही. हे पाचवं विधान कोण लिहिणार? प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीला ते सुचणार नाही, तिनं असा रुग्ण पाहिलेला नसतो. ते हृदयरोगतज्ज्ञाला माहीत असतं, दोन कप्प्यांचे पेसमेकर आले तेव्हापासून माहीत आहे. आजची यंत्रं अवेळी ठोका ओळखून ती २५० ची मुदत वाढवतात, चक्र सुरू झालंच तर ते तोडण्याची युक्तीही त्यांत असते. पण अशी प्रत्येक युक्ती म्हणजे प्रोग्रॅममध्ये आणखी एक नियम, आणि त्याचा आधीच्या नियमांशी पुन्हा नवा संबंध.

इथे मला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा, एफडीएचा, एक आकडा सांगावासा वाटतो. १९९२ ते १९९८ या काळात तिथे वैद्यकीय उपकरणांचे ३१४० रीकॉल झाले, म्हणजे दोषामुळे ती माघारी बोलावली गेली. त्यातले २४२ सॉफ्टवेअरमुळे होते. आणि या २४२ पैकी १९२, म्हणजे ७९ टक्के, अशा चुकांमुळे होते ज्या पहिल्या आवृत्तीत नव्हत्या. उपकरण बाजारात आल्यावर केलेल्या बदलांनी त्या आत आणल्या होत्या. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात रोज याचा अनुभव येतो. सुधारणा करायला जातो आणि लांबच्या कोपऱ्यात काहीतरी मोडतं. ऑगस्ट २०१७ मध्ये एका कंपनीच्या पेसमेकरमधली सुरक्षेची फट बुजवण्यासाठी एकट्या अमेरिकेत सुमारे ४,६५,००० यंत्रांसाठी नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतला प्रोग्रॅम, काढावं लागलं. रुग्णानं दवाखान्यात यायचं, सुमारे तीन मिनिटांत बदल व्हायचा, तेवढा वेळ यंत्र मिनिटाला ६७ ठोक्यांच्या राखीव चालीवर. छातीतला प्रोग्रॅम बदलण्याचा असा प्रसंग येतो तेव्हा सिद्धतेची किंमत कळते. विधानं एकदा नीट लिहून ठेवली असली, की बदल केल्यावर तीच सगळी विधानं संगणकाकडून पुन्हा तपासून घेता येतात. जुनी सिद्धता कुठे तुटली तेही तो दाखवतो.

हे महाग पडतं, हा आक्षेप खरा आहे. ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये एसईएल-४ नावाचा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा संपूर्ण सिद्ध केला गेला. मूळ कोड सुमारे ८,७०० ओळींचा, सिद्धता दोन लाख ओळींच्या घरात. पण पॅरिसच्या चौदा क्रमांकाच्या विनाचालक मेट्रोचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर बी पद्धतीनं सिद्ध करून १९९८ मध्ये चालू झालं. तिथे हा खर्च कुणाला अनाठायी वाटला नाही. शिवाय पेसमेकरचा निर्णायक भाग लहान असतो. सबंध यंत्र सिद्ध करा असं मी म्हणत नाही. झटका देण्या-न देण्याचा भाग सिद्ध करा, एवढंच म्हणतो.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. सिद्धता मॉडेलबद्दल असते, आणि हृदय मॉडेलसारखं वागेलच असं नाही. यंत्राला हृदयाशी जोडणारी तार आत तुटली, बॅटरी लवकर उतरली, तर तर्कशास्त्र काय करणार? हे मला मान्य आहे. पण सिद्धतेमुळे आपलं अज्ञान नेमकं कुठे आहे हे कागदावर येतं. 'लहर वर चढायला इतका ते इतका वेळ लागतो' हे गृहीतक तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं, डॉक्टर त्यावर बोट ठेवून 'हे चूक आहे' म्हणू शकतात. टेस्टिंगच्या अहवालात तेच गृहीतक कुणाच्या लक्षातही न येता बसलेलं असतं.

आता आपल्या पुण्याबद्दल, कारण ही विद्या इथेही आहे. १९८१ मध्ये फकीरचंद कोहली यांच्या पुढाकारानं हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर, म्हणजे टीआरडीडीसी उभं राहिलं. सॉफ्टवेअर हा संशोधनाचा विषय आहे, हे तेव्हा आपल्याकडे फार थोड्यांना पटत होतं. सैद्धांतिक संगणकशास्त्राची एफएसटीटीसीएस ही परिषद डिसेंबर १९८८ मध्ये पुण्यात भरली होती. १९९७ पासून दहा वर्षं मथाई जोसेफ टीआरडीडीसीचे प्रमुख होते. प्रोग्रॅम वेळेत काम करतो का, हे गणितानं दाखवणं हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय. सप्टेंबर २००६ मध्ये फॉर्मल मेथड्सची एसईएफएम ही आंतरराष्ट्रीय परिषद याच शहरात झाली. पुण्याच्या टीसीएस रिसर्चनं बनवलेलं व्हेरिॲब्ज हे सिद्धतेचं साधन एसव्ही-कॉम्प या जागतिक स्पर्धेत २०२० आणि २०२१ मध्ये रीचसेफ्टी विभागात पहिलं आलं. 'ही वाईट अवस्था प्रोग्रॅममध्ये कधी येऊ शकते का' हाच त्या विभागाचा प्रश्न असतो, आणि याकिमाचा प्रश्नही तोच होता.

ही विद्या पुण्यात मुख्यतः मोटारींच्या कामी आली. साहजिक आहे, गाव मोटारींचं आहे. ब्रेकचा कोड तपासणारी माणसं हडपसर-हिंजवडीत आहेत. हजारो पेसमेकर बसवलेले हृदयरोगतज्ज्ञ डेक्कन, एरंडवणे, रास्ता पेठेत आहेत. मधे काही किलोमीटरचं अंतर आहे, पण या दोन मंडळींना एका टेबलाशी बसवून ते पाचवं विधान लिहून घेणारं कुणी मला दिसत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण जगात फार थोड्या शहरांत हे दोन्ही इतक्या जवळ आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. त्यात जोखमीनुसार अ ते ड असे चार वर्ग आहेत आणि पेसमेकर सगळ्यांत वरच्या जोखमीच्या वर्गात येतो. सॉफ्टवेअरसाठी जगभर आयईसी ६२३०४ हे मानक पाळलं जातं. त्यात काम कसं करावं, नोंदी कशा ठेवाव्यात, हे काटेकोर सांगितलं आहे. गणिती सिद्धतेची सक्ती मात्र त्यात नाही. माझ्या मते सर्वोच्च जोखमीच्या वर्गासाठी, निदान निर्णायक भागापुरती, ती असायला हवी. अणुभट्टीच्या सॉफ्टवेअरकडे आपण ज्या काळजीनं पाहतो, त्याहून कमी काळजी इथे चालणार नाही.

तोवर काय करता येईल? रुग्णालयांच्या खरेदी समित्यांवर इथले काही डॉक्टर असतील. पुढच्या वेळी कंपनीचा प्रतिनिधी आला, की किंमत आणि बॅटरीचं आयुष्य यांच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारा. झटका देण्याचा निर्णय घेणारा भाग तुम्ही फक्त टेस्ट केलात की सिद्ध केलात? आणि सिद्ध केला असेल तर हृदयाबद्दल कोणती गृहीतकं धरलीत? उत्तर लेखी मागा. एका रुग्णालयानं विचारून काही होणार नाही, पण पुण्यातल्या दहा रुग्णालयांनी विचारलं तर कंपन्यांना उत्तर तयार ठेवावं लागेल.

आणि अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मुलं दर वर्षी तीच तीच ॲप्स करतात. बोस्टन सायंटिफिकचं ते स्पेसिफिकेशन सर्वांसाठी खुलं आहे. मॉडेल चेकरही शिक्षणासाठी फुकट मिळतात. चार मुलांचा गट करा, ओळखीच्या एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाला महिन्यातून एक संध्याकाळ मागा, आणि पहिल्या दिवशी मुलांना ते चार नियम फळ्यावर लिहून द्या. पाचवा त्यांना डॉक्टरांना विचारून शोधू दे. कुणाला सुरुवात करायची असेल तर व्याख्यान संपल्यावर मला भेटा, मी यायला तयार आहे.